रिकाम्या फेरीचा हिशेब

बँकेत असताना मालवाहू वाहनाच्या कर्जाचा अर्ज समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : गाडी जाताना भरून जाईल, पण येताना काय आणील? कर्जाचा हप्ता भरल्या फेरीवर फिटतो. रिकामी फेरी नुसते डिझेल खाते. वाहतुकीचा धूर कमी करण्याच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या योजना वाचतानाही आता तोच प्रश्न मनात येतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या पीएमपीएमएलने फेब्रुवारी २०१९ मध्ये विजेच्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या. त्यातील व्यवहार व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. गाडी ठेकेदाराची, भांडवलही त्याचेच. संस्था त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. महापालिकेवर एकदम मोठा बोजा पडत नाही, ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. मात्र बस भरून धावो की रिकामी, दर द्यावाच लागतो. शिवाय आपल्या राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावर होते, तेव्हा पुण्यात न दिसणारा धूर काही अंशी परळी-चंद्रपूरकडे निघतो.

पुसेगावच्या ग्रामपंचायतीकडे बस कोठून असणार? २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले ‘माझी वसुंधरा’ अभियान पंचमहाभूतांच्या नावाने गावांनाही गुण देते, हे चांगलेच. पण आपल्यासारख्या गावाचे खरे काम मला वेगळे दिसते.

थोडे गणित मांडतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला साडेचार किलोमीटर धावणारी एस.टी. किलोमीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम सोडते. पन्नासचा अ‍ॅव्हरेज देणारी दुचाकी सुमारे ४६ ग्रॅम. म्हणजे बसमध्ये तेरा प्रवासी असले की हिशेब बरोबरीत येतो. दुचाकीवर दोघे असतील, तर सव्वीस लागतात. चाळीस प्रवासी बसले की माणशी केवळ पंधरा ग्रॅम! मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. त्या निर्णयाला पर्यावरणाची योजना कोणी म्हटले नाही, पण बस भरणारा प्रत्येक निर्णय माझ्या लेखी त्याच खात्यात जमा होतो.

बस भरणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. थांब्यावर सावली, दिवा, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि वाचता येईल असे वेळापत्रक एवढे झाले, तरी पुष्कळ. जेथे उन्हात ताटकळावे लागते, तेथे तरुणाने हप्त्याने दुचाकी घेतली तर त्याला दोष कसा द्यावा?

उरतो मालाचा प्रश्न, आणि तो आपल्याच ओट्यावरचा आहे. सोयाबीन, हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात गेलेली पिकअप परतताना बहुधा मोकळी असते, आणि त्याच दिवशी किराण्याचा माल दुसऱ्या गाडीने गावात येतो. दोन दुकानदारांनी आदल्या रात्री एकमेकांना फोन केला, तर एक फेरी वाचेल. भाडे कोणी किती द्यायचे, हे ठरवायला आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.