उतरवून घेणारे

प्रेमाच्या गोष्टी सांगताना आपण बहुतेक वेळा देणाऱ्याचा हिशेब मांडतो. कोण किती झिजलं, कुणी कशावर पाणी सोडलं. मला मात्र वाटतं की आपलं कुणावर प्रेम आहे का, हे त्याचं बोलणं आपण मधे न पडता किती ऐकलं यावरून अधिक कळतं; आणि आपल्यावर कुणाचं प्रेम असणं म्हणजे आपलं म्हणणं, आपल्याच शब्दांत, कुणापाशी तरी शाबूत असणं. खानदेशात याचे दोन दाखले शेजारशेजारच्या जिल्ह्यांत सापडतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अशी अठरा प्रवचनं झाली. ऐकणाऱ्या राजबंद्यांत साने गुरुजी होते आणि ते भराभर लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहे ती त्या लिहून घेण्यामुळे. दुसरा दाखला जळगावचा. असोद्याची लेक आणि जळगावच्या चौधरी वाड्याची सून बहिणाबाई, अक्षरओळख नसलेली. जात्यावर नि शेतात गाणं सुचायचं, काम संपलं की तेही विरायचं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तेवढं कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली.

गुरुजी आणि सोपानदेव, दोघंही स्वतः लिहिणारे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याचं जसंच्या तसं ठेवलं तर त्यात नवल नाही. गुरुजींचा स्वभाव भरून वाहण्याचा; धुळ्याच्या प्रवचनांनंतर पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. विनोबांचं बोलणं मोजकं, गणिती वळणाचं. त्यात आपला थोडा ओलावा मिसळावा असं गुरुजींना एकदाही वाटलं नसेल? सोपानदेव तर नावाजलेले कवी. आईची बोली पुण्या-मुंबईच्या वाचकाला गावठी वाटेल, हा धोका त्यांना दिसत असणारच. त्यांनी ती पुस्तकी मराठीत बसवली असती तर कुणी बोल लावला नसता. मुलाने आईचं नाव काढलं, असंच लोक म्हणाले असते. फक्त पुस्तकातली बाई दुसरीच कुणी झाली असती. आपल्या माणसाला अधिक चांगलं करून दाखवण्याची हौस भल्याभल्यांना आवरत नाही. लग्नाच्या बाजारात तर ती रीतच आहे.

यावर कुणी म्हणेल, लिहून घेण्याला प्रेम कसं म्हणता? त्याच काळात भरसभेत बसून सरकारचे सीआयडीही भाषणं टिपत होते, आणि तेही एक शब्द न गाळता. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे मला माझं म्हणणं थोडं आवळून घ्यावं लागतं. नुसतं लक्ष देणं पुरत नाही. पोलिसाच्या वहीत गेलेला शब्द बोलणाऱ्यावरच उलटायचा. गुरुजींच्या वहीतला शब्द बोलणाऱ्याच्या हेतूकडेच पुढे चालत गेला. ऐकणाऱ्याला समोरच्याचं भलं हवं असलं पाहिजे. दुसरा आक्षेप असा की पुष्कळ प्रेम मुकं असतं. अमळनेरच्या छात्रालयात हेच गुरुजी मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. तिथे कोण काय बोलत होतं? पण घर सोडून आलेलं पोर ‘करमत नाही’ असं तोंडाने क्वचितच सांगतं. ते त्याच्या विसकटलेल्या अंथरुणावर दिसतं. ते ज्याला दिसलं त्याने ऐकलंच की.

तिसरी अडचण मात्र सहज सुटत नाही. बहिणाबाई तिशीत विधवा झाल्या, संसार ओढला, आणि कुणी टिपून घेण्याच्या कितीतरी आधीपासून गात राहिल्या. म्हणजे प्रेम करायला कुणी ऐकणारं लागतंच असं नाही. हे मान्य. पण खानदेशातल्या घराघरांत जाती फिरत होती आणि घराघरांत सोपानदेव नव्हता. त्या बायका कमी मायाळू होत्या असं कोण म्हणेल? त्यांचं फक्त कुणाजवळ राहिलं नाही. या उणिवेवर इथल्या लोकांनी आपल्या परीने एक तोड काढली, ती आखाजीच्या सणाची. वैशाखात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावरच्या गाण्यांत सासू, नणंद, दीर कुणाचीच गय होत नाही. एरवी चुलीपुढे जे पुटपुटलं तरी भांडण व्हायचं, ते तिथे गळा काढून म्हणता येतं आणि ‘गप बस’ असं कुणी म्हणत नाही. चार दिवसांत सासुरवाशीण सासरी परतते, आणि झोक्याने काही सासू बदलत नाही. पण तिचं गाऱ्हाणं आता तिच्या एकटीचं नसतं. माहेरच्या चार जणींना ते पाठ झालेलं असतं.