साखळीच्या भरवशावर काशी

मुंबईहून काशीला निघालो, तेव्हा लेकीच्या लॅपटॉपमध्ये तिचा तीन वर्षांचा प्रबंध होता. भुसावळ मागे पडलं आणि डबा पेंगू लागला. समोरच्या आजोबांनी खालच्या बर्थखालची लोखंडी कडी दाखवली. म्हणाले, "बेटी, इसमें बाँध लो." फलाटावर घेतलेली साखळी बॅगेच्या पट्ट्यातून ओवली, कडीला कुलूप लावलं. इटारसीला माणसं चढली-उतरली, आम्ही मात्र निवांत झोपलो.

काशीत घाटाजवळच्या खोलीवर दुसरं कुलूप कामी आलं. अनेक लॅपटॉपच्या कडेला एक छोटी खाच असते. पोलादी केबलचा फास कशाला तरी पक्का अडकवायचा आणि तिचं कुलूप या खाचेत बसवायचं. लेक टेबलाच्या पायाला बांधायला निघाली. पण टेबल जरा उचललं की फास खालून सुटणार! मग खिडकीचा गज निवडला.

केबल कापताही येते, ती फक्त चोराचा वेळ खाते. म्हणून प्रबंधाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. तो आणि किल्ली, दोन्ही खिशात.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरती सुरू झाली. लेकीचं लक्ष फक्त दिव्यांकडे होतं.