कॅमेऱ्याची कंपनी बदलावी का?



आमच्या घरातला निकॉनचा डीएसएलआर नऊ वर्षांचा झाला. पाठशाळेचे कार्यक्रम, चातुर्मासातली प्रवचनं, दशलक्षण पर्वातल्या संध्याकाळच्या आरत्या, सगळं त्यानेच टिपलं. आता नवा घ्यायचा म्हटल्यावर घरात दोन तट पडले. मुलगा म्हणतो, सोनी घ्या. यांचं म्हणणं, चांगलं चाललंय तर कंपनी कशाला बदलायची?

आधी मी गरज लिहून काढली. मंदिरात आपण फ्लॅश वापरत नाही, त्यामुळे दिव्यांच्या उजेडातले फोटो दाणेदार येतात. आणि प्रवचन शांतपणे चालू असताना शटरचा ‘खट्’ आवाज चार जणांना मागे वळून पाहायला लावतो. आवाजाचा प्रश्न मिररलेस कॅमेऱ्यात सुटतो, मग कंपनी कोणतीही असो. त्यात आरसा नसतो आणि इलेक्ट्रॉनिक शटर मुकाट्याने काम करतं. फक्त काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे उमटतात, ते आपल्या मंडपात एकदा तपासून घ्यावं. दाण्यांसाठी तर नव्या बॉडीपेक्षा एफ 1.8 सारखी मोठ्या अॅपर्चरची लेन्स जास्त उपयोगी, आणि तशी 50 मिमी माझ्याकडे आहेच.

म्हणजे प्रश्न बॉडीपेक्षा लेन्सचा. लेन्स ज्या खाचेत बसते त्याला माउंट म्हणतात आणि ते बहुतेक कंपन्यांचं वेगळं. निकॉनने 1959 मध्ये एफ माउंट आणलं आणि डीएसएलआरपर्यंत तेच ठेवलं. कॅननने मात्र 1987 मध्ये जुनं माउंट सोडून ईएफ आणलं. 2018 मध्ये या दोघांनीही मिररलेससाठी नवी माउंट काढली. सोनीचं ई माउंट 2010 पासून आहे. म्हणजे निकॉनमध्येच राहिले तरी माउंट बदलणारच! पण तिथे एफटीझेड अडॅप्टर मिळतो. जुन्या माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत 46.5 मिमी अंतर होतं, नव्यात 16 मिमी आहे. मधली जागा हा अडॅप्टर भरून काढतो. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स त्यावर आपोआप फोकस करतात. जुन्या, मोटर नसलेल्या डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. माझ्या तिन्ही एएफ-एस आहेत.

सोनीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. त्या माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स भरपूर मिळतात. ज्या मैत्रिणीकडे फक्त कॅमेऱ्याबरोबर आलेली एकच लेन्स आहे, तिने खुशाल कंपनी बदलावी. तिचं अडकलेलं असं काहीच नाही. माझं तसं नाही. तिन्ही लेन्स विकायच्या तर निम्मे पैसेही हाती येतील असं वाटत नाही, आणि विकवल्या नाहीत तर कपाटात दोन-दोन संच.

शिवाय लातूरच्या नणंदबाईंकडेही निकॉनच आहे. पंचकल्याणकाला त्यांची 70-300 लेन्स नांदेडला येते, त्यांच्याकडच्या लग्नकार्याला माझी 50 मिमी लातूरला जाते. दोन घरांना मिळून एकेकच पुरते. कंपनी बदलली की ही देवाणघेवाण थांबणार आणि दोघींना जास्तीची खरेदी करावी लागणार.

परिग्रह-परिमाण व्रतात आपण वस्तूंची मर्यादा ठरवतो. ते पाळताना एक गोष्ट नेहमी टोचते: नुसत्या संख्येने परिग्रह मोजला जात नाही, ममत्वाने मोजला जातो. ‘आम्ही निकॉनवाले’ हा अभिमानसुद्धा ममत्वच. म्हणून ‘सवय आहे’ हे कारण मी यादीतून खोडलं. सोनीची लेन्स लावताना उलट्या दिशेने फिरवावी लागते, पण ते हाताला आठवड्याभरात जमेल. ‘नवी कंपनी म्हणजे नवा हुरूप’ हेही खोडलं. उरलं ते एवढंच: कोणत्या पर्यायात घरात कमी वस्तू येतील आणि असलेल्या जास्त वापरल्या जातील?

उत्तर निकॉनची नवी बॉडी आणि अडॅप्टर असं आलं. जुनी बॉडी तिच्याबरोबर आलेल्या लेन्ससह पाठशाळेतल्या मुलांना शिकायला देणार, म्हणजे एक आली की एक गेली. नव्या बॉडीसाठी पिशवी आणि पट्टा घेताना मात्र चामडं नाही ना, हे विचारणार आहे.

तुम्हीही घ्यायला निघालात तर आपल्या लेन्स पिशवीत घालूनच दुकानात जा. अडॅप्टरवर लावून पाहा, मग पैसे द्या. मुलाची समजूत अजून पुरती पटलेली नाही. त्याला म्हटलं, दशलक्षणातले फोटो तूच काढ, मग बोलू.