निदान आणि साध्यासाध्य

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वैद्यकातला, रोग ओळखणे. दुसरा घरगुती, 'किमान एवढे तरी'. आम्ही दोघेही अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. तरी हे दोन अर्थ किती जवळ राहतात, ते आमच्या भूगोलाच्या एका सहकाऱ्यांच्या आजारपणात उमगले. चार महिने त्यांची एक नाकपुडी चोंदलेली होती, मधूनच रक्त येई. सायनस समजून औषधे झाली. पहिल्या बायॉप्सीत केवळ मृत ऊती हाती लागली. या रोगात असे पुष्कळदा घडते, कारण त्याच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरून त्यांचा नाश करतात व भोवतालचा भाग मरतो. दुसऱ्या, खोलवर घेतलेल्या तुकड्यातून नाव कळले : एनके/टी-पेशी लिम्फोमा. निदान निदान तरी झाले, असे तेव्हा सर्वांना वाटले.

त्यांच्या मुलाने इंटरनेटवरून जी कात्रणे छापून आणली, त्यांत या रोगाचे जुने नावही होते. त्याचे भाषांतर 'प्राणघातक मध्यरेषा-ग्रॅन्युलोमा' असेच करावे लागते. नाव ठेवतानाच निकाल देऊन टाकलेला! चेहऱ्याच्या मध्यभागाला पोखरणाऱ्या या व्याधीचे मूळ तेव्हा ठाऊक नव्हते. दिसत होता तो केवळ शेवट. पुढे त्यामागील पेशी सापडली, त्या पेशीत एपस्टाइन-बार विषाणू आढळला, आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पेशीवरून नवे नाव रूढ झाले. पूर्व आशिया आणि लॅटिन अमेरिकेत हा रोग अधिक, आपल्याकडे विरळा. नवे नाव रूक्ष आहे खरे. पण त्यात मृत्यू गृहीत धरलेला नाही.

उपचारांतील बदलही पेशी ओळखल्यामुळेच झाले. इतर लिम्फोमांवर चालणारी नेहमीची 'चॉप' केमोथेरपी येथे अपुरी पडते, कारण या पेशी त्यातील प्रमुख औषध पंपाने उपसावे तसे बाहेर टाकतात. उलट ॲस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल त्यांना स्वतः पुरेसे बनवता येत नाही. ते रक्तातून घ्यावे लागते. ॲस्परॅजिनेज हे औषध रक्तातला तो साठाच तोडते. याचा माग १९५३ पर्यंत जातो : गिनिपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील लिम्फोमा मावळतात, असे जॉन किड यांना त्या वर्षी आढळले होते. रोग नाकापुरता वा मानेच्या गाठींपर्यंतच असेल, तर किरणोपचार हा उपचारांचा कणा. आमच्या सहकाऱ्यांना ॲस्परॅजिनेजसह केमोथेरपीची दोन आवर्तने, मग चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून पाच आठवड्यांत पंचवीस वेळा मिळून ५० ग्रे किरण, आणि पुन्हा दोन आवर्तने, असा क्रम झाला. तोंड सोलवटले, मऊ भातही गिळवेना.

एका संध्याकाळी वहिनींनी विचारले, "तुम्ही मराठीचे ना? मग यातून हे उठतील का, ते मला मराठीत सांगा." जपानमधील एका अभ्यासात किरणोपचार व केमोथेरपी एकाच वेळी दिलेल्या २७ रुग्णांपैकी दोन वर्षांनी ७८ टक्के, आणि पाच वर्षांनी ७० टक्के हयात होते, केवळ किरणोपचारांच्या काळात दोन वर्षांचा आकडा ४५ होता. आम्ही म्हटले, "दहांतले सात." त्यांनी विचारले, "आणि ते तीन कोण?"

याचे उत्तर आकड्यात नसते. वय साठीपलीकडे, रोग दूर पसरलेला, उगम नाकाबाहेर, या गोष्टी पारडे खाली ओढतात. यांपैकी एकही येथे नव्हती. उपचारांनंतर रक्तातील विषाणूचा डीएनए सापडेनासा झाला, हेही सुचिन्ह. पण सुचिन्ह म्हणजे हमी नव्हे.

तेव्हा आम्हांला चरकसंहितेतील वर्गवारी आठवली : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय. औषध आम्ही तेथून घेतले नाही, आणि या रोगात कोणी घेऊ नये. वेळ दवडणे येथे फार महाग पडते. घेतला तो फक्त शब्द. 'कृच्छ्रसाध्य', म्हणजे कष्टाने का होईना, साध्य होणारे. वहिनींना तो पटला. टक्केवारीत रुग्ण दहांतला एक होतो. या शब्दात तो कष्टांसह उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर कष्टणाऱ्यांनाही जागा मिळते. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य व औषध यांच्याबरोबर परिचारक आणि रोगीही मोजले आहेत, ते उगीच नव्हे.

असो. या गोष्टीला आता तीन वर्षे होतील. सर पुन्हा वर्गावर जातात. गंध मात्र पुरता परतलेला नाही, आणि ठरावीक काळाने तपासणी चालूच आहे. वहिनी 'बरे झाले' असे अजून म्हणत नाहीत. विचारले तर म्हणतात, "बरे आहेत."