रजनी आणि कडता

दूरदर्शनवर १९८५ साली ‘रजनी’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा ग्राहकाने दुकानदाराला जाब विचारणे हे सभ्य माणसाचे काम समजले जात नसे. बासू चटर्जी यांच्या दिग्दर्शनाखाली प्रिया तेंडुलकर यांनी साकारलेली ही गृहिणी मात्र गॅस सिलिंडरपासून टॅक्सीपर्यंत प्रत्येक अडवणुकीविरुद्ध हसतखेळत उभी राही. टॅक्सीचालकांवरील भाग मुंबईतील चालकांना इतका झोंबला की त्यांनी उघड निषेध केला. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, डिसेंबर १९८६ मध्ये झाला. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम १९७४ पासूनच चालविले होते; परंतु घराघरांत तो विषय पोहोचविला तो रजनीने.

विनोदाच्या आधारे कडू विषय मांडण्याची ही रीत परदेशातही होती. अमेरिकेत १९७१ मध्ये नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका आली. तिचा नायक आर्ची बंकर कृष्णवर्णीयांविषयी आणि स्त्रियांविषयी वाटेल ते बोले. प्रेक्षकांनी त्याच्या पूर्वग्रहांना हसावे, हा हेतू. परंतु १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांना आढळले की, ज्यांच्या मनात तेच पूर्वग्रह होते, त्यांना आर्चीचेच म्हणणे पटत होते. हसले सगळेच; पण जो तो आपल्या सोयीच्या बाजूला बसून हसला.

‘रजनी’ पाहणाऱ्या व्यापारी घरांतही हेच घडत होते. तेर येथील एका आडत दुकानाचे शेटजी माल भरण्यासाठी बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीमार्गे सोलापूरला जात आणि थोरल्या बहिणीकडे मुक्काम करीत. तेथे एकदा सगळे घर ‘रजनी’ पाहण्यात रंगले होते. सिलिंडरसाठी तिष्ठत बसण्याचा अनुभव सर्वांनाच होता, त्यामुळे शेटजीही मनमुराद हसत होते. तेवढ्यात आक्का सहज म्हणाल्या, “काय रे, ही बाई उद्या तेरला आली तर आधी कुणाच्या दारात उभी राहील?”

शेटजींना रोख कळला. शेतकऱ्याच्या धान्यातून माती-कचऱ्यापोटी क्विंटलमागे दोन किलो कडता कापला जाई. माल स्वच्छ असला तरीही.

“कडता काय मी काढला, आक्का? बाजाराची रीतच आहे ती.”

“सगळे असंच म्हणतात. म्हणून तर रजनी लागते.”

पुढच्या हंगामात शेटजींनी स्वच्छ मालावरचा कडता बंद केला. हिशेब साधा होता. भाव चारशे रुपये धरला, तर दोन किलो म्हणजे आठ रुपये. शेजारचा आडत्या चारशेचा भाव पुकारून अठ्ठ्याण्णव किलोंचे पैसे देई. शेटजी तीनशे ब्याण्णवचा भाव सांगून पुऱ्या शंभर किलोंचे देत. शेतकऱ्याच्या हाती दोन्हीकडे तीच रक्कम पडे. परंतु कानावर पडे तो चारशेचा आकडा, म्हणून बैलगाड्या पुढे निघून जात. आठ रुपये झाकून घेणाऱ्याकडे गर्दी आणि उघड सांगणाऱ्याची वखार रिकामी! मुनीमजी कुरकुरले, इतर आडत्यांनी बोलणे टाकले. तो हंगाम तोट्यातच गेला. दुसऱ्या वर्षी मात्र काही शेतकऱ्यांनी दोन दुकानांच्या हिशोबपट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि ते परतले. सगळे काही परतले नाहीत.

तेर हे व्यापाराचे जुने ठाणे. दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने ते ओळखले जाई आणि येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. इतक्या दूरच्या व्यवहारात मालाचे वजन आणि माणसाचा शब्द, यांवरच सारे चाले. खोटे माप आणि भेसळ यांची गणना आपल्या आचार्यांनीही अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत केली आहे. ‘सगळे करतात’ ही सवलत तेथे कोठेही नाही.

याच तेरमध्ये गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, अशी कथा सांगतात. नामदेव रुसले, परंतु पुढे विसोबा खेचरांना शरण जाऊन त्यांनी ती उणीव भरून काढली. चांगली विनोदी मालिकाही तेच थापटणे हलक्या हाताने मारते. घरातील मंडळी एकत्र बसून तिला हसत असतील, तेव्हा त्यांतील कोणीतरी एकाने आक्कांचा प्रश्न विचारावा. उत्तर पडद्यावर मिळणार नाही. ते दुकानाच्या वहीत शोधावे लागेल.