नाचणगावचा पार आणि वैशाखातले पाणी

वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुलगाव लागते, आणि तेथून जवळच देवळी तालुक्यातील नाचणगाव. पुलगाव वाढले ते आगगाडीने आणि गिरणीने. नाचणगाव त्याहून पुष्कळ जुने.

आम्ही गेलो ते वैशाखात. या प्रांतात तेव्हा पारा 45 अंशांस भिडतो. वाटेत लोखंडी पिंजरा दिसला. पिंजरा शाबूत होता, रोप नव्हते. पारावर बसून सार्वजनिक बागेचा विषय काढताच एक वृद्ध शेतकरी हसून म्हणाले, "गुरुजी, झाडं लावाले सारेच येतात, वैशाखात पाणी टाकाले कोणी येत नाही."

2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत राज्यात अनुक्रमे 2, 4, 13 व 33 कोटी रोपे लावण्याचा संकल्प सरकारने सोडला होता. परंतु रोपाचे आयुष्य ठरते ते फाल्गुनापासून मृगापर्यंत. मुळे खोल गेलेली नसतात, काळी जमीन भेगाळते, भेगांतून उरलासुरला ओलावा उडून जातो, आणि मोकाट शेळी कोणाची परवानगी मागत नाही. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी 1936 साली लावलेल्या पिंपळास पाहुणे हात जोडतात. पहिल्या उन्हाळ्यांत त्यास पाणी कोणी घातले, हे कोणी विचारीत नाही.

वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर मात्र वैद्यकीय जनजागृती मंचाच्या पुढाकाराने नागरिकांनी श्रमदान करून झाडे जगविली आहेत. आमच्या शास्त्रकारांनीही विहीर, तलाव यांबरोबर 'आराम', म्हणजे बाग, पूर्तकर्मात गणिली. लोक हल्ली फारसीतला आरामच तेवढा ओळखतात!

आम्ही सुचविले की, वर्षातून निदान चार ग्रामसभा होतातच. त्यांपैकी एकीत झाडे आळीवार वाटून द्यावीत, आणि कोणत्या घराचा कोणता वार ते चावडीच्या फळ्यावर लिहावे. मात्र हे काम सुनांच्या डोक्यावरील हंड्यांत आणखी एका हंड्याची भर घालून होऊ नये. "विहीरच आटली तं?" असा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. रोपाशेजारी बुडास बारीक भोक पाडलेले, वात घातलेले मडके पुरल्यास थोडे पाणी पुष्कळ दिवस पुरते. आळ्यात पालापाचोळा पसरावा. मडकी गावातच मिळतात, त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

बराच वेळ कोणी बोलेना. अखेर त्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या घरासाठी सोमवार मागून घेतला. मंगळवारास त्या दिवशी कोणी पुढे आले नाही.