राखलेली वाट

ईव्ह ऑनलाइन या खेळात जे वर्महोलच्या मुलखात राहतात, त्यांचा नकाशा रोज मोडतो आणि रोज नव्याने मांडावा लागतो. एका माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते या नकाशातूनच झाले, म्हणून आधी नकाशाबद्दल सांगते.

आइसलँडच्या रेक्याविकमधल्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. चीनचा सर्व्हर वेगळा आहे, बाकी जगभरातले सगळे खेळाडू एकाच विश्वात उडतात. जहाज फुटलं की ते गेलं, परत मिळत नाही. ओळखीच्या भागात पाच हजारांवर तारामंडळं आहेत आणि त्यांच्यामध्ये कायमची प्रवेशद्वारं आहेत. त्या भागाचा नकाशा सहसा बदलत नाही. एका खेळाडूने तो डॉटलान नावाने सुबक मांडून ठेवला आहे आणि ईव्ह खेळणाऱ्यांपैकी तो उघडला नाही असा माणूस मिळणं कठीण.

मार्च २००९ मध्ये या विश्वाला आणखी जवळजवळ २५०० मंडळं जोडली गेली. तिथे प्रवेशद्वारं नाहीत. मंडळाला नावसुद्धा नाही, 'जे' हे अक्षर आणि पुढे सहा आकडे एवढीच ओळख. आत जायचं आणि बाहेर पडायचं ते वर्महोलमधून. होल साधारण सोळा किंवा चोवीस तास टिकतं, आणि त्यातून फार वजनाची जहाजं गेली तर त्याआधीच कोसळतं. ते मिटलं की दुसरीकडे नवं उघडतं, आणि ते कुठे नेईल हे आधी कळत नाही. शिवाय मंडळात आणखी कोण आहे याची यादी तिथे दिसत नाही. समोरचा स्वतःहून बोलला तरच तो आहे हे कळतं.

अशाच एका मंडळात आमच्या कॉर्पचं घर होतं. कॉर्प म्हणजे आमचा गट. युरोपातले बरेच, एक ब्राझीलचा, आणि साताऱ्याहून मी. रोज खेळात शिरल्यावर पहिला प्रश्न एकच, आज आपलं दार कुठे उघडलंय?

त्याचं उत्तर ट्रिपवायर देत असे. हे खेळाच्या बाहेर, ब्राउझरमध्ये चालणारं साधन. खेळाडूंपैकीच एकाने ते बांधलं आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला ठेवला. काम कसं चालतं ते बघा. जहाजातून आठ प्रोब सोडायचे. ते अवकाशात सरकवत, त्यांचा आवाका कमी करत करत एकेका खुणेवर आणायचे, सिग्नल शंभर टक्के झाला की जागा पक्की. प्रत्येक खुणेला तीन अक्षरं आणि तीन आकडे असतात, आम्ही तिला सिग म्हणतो. प्रोबच्या खिडकीतली सगळी यादी निवडायची, कॉपी करायची आणि ब्राउझरमध्ये पेस्ट करायची. नव्या सिग यादीत चढतात, मेलेल्या गळतात. मग होलपाशी जाऊन पलीकडे उडी मारायची. तुम्ही कुठे पोचलात हे ट्रिपवायरला खेळाकडून कळतं आणि नकाशावर आपोआप एक रेघ ओढली जाते. घरातून एक रेघ, तिच्या टोकाला मंडळ, तिथून पुढे दोन रेघा. याला आम्ही चेन म्हणायचो. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी टाकली आणि कधी टाकली हे असतं. होल कितपत दमलंय, किती तास उरलेत, तेही असतं. मंडळात आपला कोणी असेल तर खूण दिसते आणि तिच्यावर माऊस नेला की नाव.

ही शेवटची सोय सहज सांगितल्यासारखी वाटेल. माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी नोकरी सोडून घरी आले. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन तासांची झोप ही झोप नसते. मी जागीच राहू लागले, आणि जागं राहण्यासाठी हा खेळ धरला. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा युरोपात संध्याकाळ असते, म्हणजे खेळात गर्दीची वेळ. पण मधेच उठून जाणारा माणूस लढाईत कोणाला हवा असतो? बऱ्याच गटांनी नम्रपणे नाही म्हटलं.

या गटात नवीन लोकांना घेण्याचं काम पोलंडमधले एक गृहस्थ पाहत. वयाने पन्नाशीपुढचे, बेकरीत पहाटेच्या पाळीला कामाला. मी त्यांना परिस्थिती सांगितली. त्यांनी विचारलं ते एवढंच, एका वेळी किती मिनिटं सलग मिळतात? मी म्हटलं, नव्वद धरा. ते म्हणाले, मग तू स्काउट हो. स्काउटचं जहाज अदृश्य होऊ शकतं. घंटी वाजली की दिसेनासं व्हायचं आणि उठायचं. तुझं अर्धं काम राहिलं तर नकाशावर दिसेल, आमच्यातला कोणीतरी पुढे नेईल.

आणि खरंच तसं होई. मी तीन सिग शोधून उठायची. बाबांना वळवायचं, पाठीला पावडर लावायची, पायाखालची उशी सरकवायची, पाणी चमच्याने पाजायचं. परत येऊन बसायची तेव्हा उरलेल्या दोन सिगपुढे दुसऱ्याचं नाव लागलेलं असायचं आणि चेन एक घर पुढे गेलेली असायची. गटातली मुलं मला कधी विचारत नसत की कुठे होतीस. आजाऱ्याच्या घरात सगळी कामं आपल्यालाच पुरी करायची असतात. आपण अर्धवट टाकलेलं काम कोणी न बोलता पूर्ण करतं, ही गोष्ट मला त्या काळात फक्त या नकाशावर अनुभवायला मिळाली. मी हे थोडंही वाढवून सांगत नाही.

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. उमेदीत ३३ फुटी साखळी घेऊन खटाव-माणच्या उन्हात फिरलेले. वाचा अर्धी गेली होती तरी नकाशा त्यांना कळे. मी लॅपटॉप त्यांच्या पलंगाच्या कडेलाच ठेवायची. एकदा बराच वेळ पडद्याकडे पाहून त्यांनी शब्द जुळवत विचारलं, "कुणी... मोजलं गं हे?" मी एकेका रेघेवर बोट ठेवून सांगितलं, ही पोलंडच्या काकांनी, ही इटलीच्या पोराने, ही मी. त्यांनी पुन्हा विचारलं, "तारीख?" मी दाखवली. ते समाधानाने हुंकारले. त्यांच्या लेखी मोजणी म्हटली की मोजणाऱ्याची सही आणि तारीख हवीच, बाकीचं नंतर.

२०१८ च्या पावसाळ्यात, एका रात्री चेनमधून माल बाहेर न्यायचं काम माझ्याकडे आलं. वर्महोलच्या मुलखात फुलराइट नावाचे वायू मिळतात. ते काढून जीताच्या बाजारात विकले की गटाचा खर्च निघतो. महिनाभराचा माल माझ्या जहाजात भरलेला. मालवाहू जहाजावर आम्ही प्रोबचा लाँचर बसवत नसू. वाट स्काउटने आधी काढून ठेवलेली असायची आणि नकाशा पाहत जायचं. मी घरापासून तिसऱ्या मंडळात पोचले आणि बाबांच्या श्वासाचा आवाज बदलला. घरघर वेगळीच होती. मी गटाला "बाबा" एवढा एकच शब्द लिहिला आणि आहे तिथेच लॉग ऑफ केलं. त्यानंतर अँब्युलन्स, ऑक्सिजन, न्यूमोनियाचं निदान, दवाखान्यातले दिवस.

लॉग ऑफ केल्यावर जहाज मिनिटभराने अवकाशातून नाहीसं होतं, म्हणजे मालाला धोका नव्हता. पण चेन त्याच दिवशी मिटणार होती. अडीच हजारांत ते मंडळ परत सापडणं निव्वळ नशिबाचं काम, आणि माझ्याकडे प्रोब नव्हते. परत शिरल्यावर मी एका बंद खोलीत जागी होणार होते. सुटकेचा माझ्या हातातला मार्ग एकच, जहाज आणि मागोमाग पायलटची कुपीही स्वतःच उडवायची. मग पायलट आपल्या ठरलेल्या स्टेशनवर जागा होतो, जहाज आणि माल जातात.

इथे आणखी काही मंडळींचा उल्लेख केला पाहिजे. ईव्ह-स्काउट नावाचा एक उपक्रम आहे. २०१४ च्या डिसेंबरात खेळात थेरा हे मोठं वर्महोल मंडळ आलं. तिथून बाहेर जाणाऱ्या वाटा हे लोक शोधतात आणि शत्रू-मित्र न पाहता सगळ्यांसाठी जाहीर करतात. वर्महोलमध्ये अडकलेल्यांना सोडवायचं कामही ते करतात. प्रोब आणि लाँचर ठेवलेल्या छोट्या पेट्या त्यांनी किती तरी मंडळांत पेरून ठेवल्या आहेत. ज्या खेळाची ख्याती फसवणुकीसाठी आणि हेरगिरीसाठी आहे, त्यात हे चालतं. त्यांना हाक मारता आली असती. माझ्या बाबतीत ती वेळ आली नाही.

बाबांना घरी आणल्यावर पहिल्या निवांत रात्री मी खेळ उघडला तो माल गेला हे सांगायला. आधी ट्रिपवायर उघडलं. घराची चेन पूर्ण बदललेली होती, एकही ओळखीची रेघ नाही. पण बाजूला, घराशी कुठल्याच रेघेने न जोडलेलं, एक वेगळं मंडळ होतं. माझंच. त्यात एक पायलट दिसत होता. माऊस नेला तर काकांच्या दुसऱ्या खात्यावरचं नाव.

ट्रिपवायरमध्ये मंडळाखाली टिपणं लिहायची सोय आहे. तिथे रोजचं एक याप्रमाणे टिपणं होती, खेळाच्या घड्याळाच्या वेळेसकट. आज बाहेरची वाट देव्हॉइडमध्ये, लांब आहे, नको. आज दोन होल, दोन्हीकडे माणसं, थांब. आज काहीच चांगलं नाही. आणि त्या दिवशीचं शेवटचं टिपण: लोनट्रेक, जीता जवळ, होल ताजं.

मी लॉग ऑफ झाले त्या रात्री माझं नाव नकाशावरून गेलं ते त्यांनी पाहिलं. शेवटी कुठे दिसले होते तेही पाहिलं. आणि होल मिटायच्या आत दुसऱ्या खात्यावरचा पायलट त्या मंडळात नेऊन ठेवला. मग रोज, सर्व्हर देखभालीसाठी बंद व्हायच्या आत, म्हणजे पहाटेची पाळी संपवून, आपली झोप मागे टाकून, ते तिथून बाहेरची वाट शोधत. वाट रोज नवी आणि रोज मरणारी. मी कधी येईन, येईन की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी आत शिरले तसं चॅटमध्ये उमटलं, "आलीस? बाबा कसे आहेत?"

मी लिहिलं, घरी आणलंय. ऑक्सिजन काढलाय.

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "छान. आता किती मिनिटं आहेत तुझ्याकडे?"

"चाळीस."

"वीस पुरतील. पहिली सिग एक्सबीआर-४१२. मी होलवर उभा आहे, कोणी आलं तर सांगतो. नीघ."

मी निघाले. एक होल, मधलं एक रिकामं मंडळ, दुसरं होल, आणि बाहेर लोनट्रेकचं आकाश. पुढची प्रवेशद्वारं कायमची, डॉटलानवर असलेली. जीताला माल उतरवला तेव्हा वेळ शिल्लक होती. ती त्यांच्याशी बोलण्यात गेली. मी विचारलं, एवढं का केलंत? मालासाठी असेल तर माल भरून काढता आला असता. त्यांचं उत्तर अगदी साधं होतं. कोणीतरी तिथे असायलाच हवं होतं, नाहीतर ते मंडळ परत सापडलं नसतं. मालाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

त्या दिवसांत बरेच लोक दवाखान्यात भेटून गेले, फळं ठेवून गेले. त्यांचंही मला मोल आहे. पण आपण ज्या जागी सगळं टाकून उठलो, ती जागा कोणीतरी रोज राखतं आहे आणि आपल्याला ते माहीतही नाही, असं ऋण मी दुसऱ्या कोणाकडून घेतलेलं नाही. ते फिटावं असंही मला वाटत नाही. त्यांनी काही मागितलं असतं तर मी आनंदाने दिलं असतं. त्यांनी मागितलं ते एकदाच, बाबांना त्यांचा नमस्कार सांगायला. मी सांगितला. बाबांनी चांगल्या हाताने कपाळाला स्पर्श केला आणि मी ते चॅटमध्ये लिहून कळवलं.

बाबा पुढच्या वर्षी गेले. मी खेळत राहिले. हळूहळू गटातल्या नवीन मुलांना स्कॅनिंग शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना पहिली गोष्ट सांगते ती अशी की, यादी अर्धी झाली असली तरी उठण्याआधी पेस्ट करून जा, लाजू नका. दुसरी, कोणी चेनमध्ये लॉग ऑफ झालं तर त्या मंडळाचा आकडा टिपणात लिहा. एकदा घरातली वीज गेल्याने आमचा ब्राझीलचा मुलगा दोन मंडळं पलीकडे अडकला, तेव्हा माझा पायलट तिथे जाऊन बसला. तो परत येईपर्यंत रोज दुपारी साडेचारच्या आत मी वाट काढून टिपत असे. आपल्याकडे त्या वेळेला सर्व्हर बंद होतो.

काकांचं खेळणं पुढे थांबलं. बेकरीतली पाळी बदलली आणि रात्री जागणं झेपेना, असं त्यांनी कळवलं. ट्रिपवायरवरची आमच्या गटाची यादी आम्ही काटेकोर ठेवतो. जो काही महिने आला नाही त्याचं नाव काढायचं, कारण हेर जुन्या खात्यांतूनच शिरतात आणि एका हेराला नकाशा दिसला की घर जातं. हा नियम मीच लिहिलेला आहे. दर तिमाहीला यादी साफ होते तेव्हा कोणीतरी नवीन पोरगा त्यांच्या नावापाशी थांबतो आणि विचारतो, ताई, हे काढायचं का? मी त्याला सांगते, ते राहू दे, आणि खालच्या नावाकडे वळायला लावते.